मागून धरलेला पंचा

मामा, आपलं भांडण मिटलं. म्हणजे, मला तरी तसं वाटतं. तू जिंकलास असंही म्हणता येईल आणि मी जिंकले असंही. नेमकं कोण, हे ठरवायला तूच हवा होतास.

काल संध्याकाळी स्पर्धेहून परत आले. बाबांना सगळं सांगितलं. त्यावर बाबांनी मला एक गोष्ट सांगितली. ती ऐकली आणि मी उठून तुझ्या घराकडे पळत सुटले. पायात चप्पलही नव्हती. मधला ओहोळ, आंब्याखालची वाट, तुझ्या अंगणात उभी असलेली जीप, सगळं नेहमीसारखं होतं. 'मामा!' म्हणून हाक मारायला तोंड उघडलं आणि मग आठवलं.

मामी पडवीत नागली पाखडत होती. "काय गं, वाघ लागलाय का मागं?"

"नाय. असंच."

"असंच कोण पळतं?"

मी तिच्याजवळ बसले, पाणी प्यायले आणि काहीच बोलले नाही. कारण ही गोष्ट पहिल्यांदा तुला सांगायची होती. म्हणून आता लिहिते आहे. तू वाचायचास ते फक्त पुढच्या गाडीच्या पाठीवर लिहिलेलं, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते.

मला हे नीट जमेल की नाही, सांगता येत नाही. मराठीच्या मॅडम म्हणतात, गेलेल्या माणसावर लिहिताना त्याचा जन्म, शिक्षण, स्वभाव असं क्रमाने लिहावं. तुझा जन्म कधीचा ते आजीलाही आठवत नाही, शिक्षण तू स्वतःच चौथीला थांबवलंस आणि तुझा स्वभाव जव्हार ते मोखाडा रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला तोंडपाठ आहे. म्हणून मी आपल्या भांडणाचंच लिहिते. आपण सगळं आपल्या बोलीत बोलायचो. लिहायला मला शाळेने मराठी शिकवली, तेव्हा तुझं बोलणं मी मराठीत लिहिते आहे. कुठे चुकलं तर चिडू नकोस. किंवा चीड. तुझं तेच तर म्हणणं होतं.

भादव्यातली गोष्ट. मी कॉलेजातून येत होते आणि तुझ्या प्रवासी जीपमध्ये तुझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसले होते. त्याच दिवशी खेळाच्या सरांनी वर्गात शिकवलं होतं की राग आला की खेळाडूच्या शरीरात काय होतं. मला ते इतकं पटलं होतं की जीप स्टँडवरून हलायच्या आधीच मी सुरू केलं.

"मामा, रागाने माणूस हरतो. शास्त्रात लिहिलंय."

"शास्त्रानं कुस्ती खेळली का कधी?"

"ज्युडो, मामा."

"तेच ते. अंगावर जाड कपडे घालून कुस्ती."

"राग आला की हात आखडतात. श्वास वरच्या वर राहतो. नजर एकाच जागी खिळते, बाजूचं काही दिसत नाही."

"मला म्हैसासुराच्या सोंगात बाजूचं कुठं दिसतं? मुखवट्याला दोन भोकं. समोरची देवी दिसते तेवढीच. तरी नाचतो का नाय?"

हे बोलताना तू घाटातल्या वळणावर, बरोबर मधोमध, करकचून ब्रेक मारलास. मागे बसलेले सगळे एकमेकांच्या अंगावर आले. तू मागे वळलास आणि मतदान जाहीर केलंस. "बोला, खेळात राग पाहिजे का नको? हात वर करा."

ठाण्याला कामाला असलेला एक पोरगा सणाला घरी चालला होता. त्याने दोन्ही हात वर केले. "गुस्सा पाहिजेच ना, मामा! गुस्से के बिना फाईट म्हणजे बिनमिठाची आमटी."

एक गुरुजी होते. ते म्हणाले, "आधी प्रश्न नीट मांडा. राग कोणत्या प्रकारचा?"

"गुरुजी तटस्थ!" तू निकाल दिलास.

शेवटी सुकटाची पाटी मांडीवर घेतलेली आजी बोलली, "जो आधी गाडी चालू करील त्याला माझं मत."

सगळे हसले, तूही हसलास आणि गिअर टाकलास. मी उतरताना म्हणालास, "वंदे, राग पुढं सोडायचा आणि माणूस मागं ठेवायचा. माझा दाजी हाये ना, तुझा बाप, तसा."

"गादीवर मागे कोणाला उभं राहू देत नाहीत, मामा. तिथे मी एकटीच असते."

तू स्टेअरिंगवर बोटं वाजवलीस. "थांब. ह्या बोहाड्याला दाजीच्या बाजूला उभी राहा. डोळ्यांनी बघ, मग बोल."

बोहाडा होळीनंतर असतो. तू दसऱ्यानंतर गेलास. त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही.

मामा, हे लिहिणं कॉलेजातले लोकही वाचतील आणि त्यांतल्या काहींनी बोहाडा पाहिला नसेल, म्हणून थोडं सांगते. बोहाडा म्हणजे आमच्याकडचा सोंगांचा उत्सव. देवांचे आणि राक्षसांचे मोठे रंगवलेले मुखवटे लावून माणसं संबळाच्या तालावर गावातून नाचतात. कोणतं सोंग कोणाच्या घराकडे हे पिढ्यांपासून ठरलेलं असतं. शेवटच्या दिवशी, उजाडल्यावर, देवी आणि म्हैसासुराची लढाई होते. म्हैसासुराचं सोंग मामाच्या घराकडे आहे. मुखवटा जड, शिंगं हातभर, बघायला दोन छोटी भोकं. सोंगाच्या अंगात जोर चढतो आणि त्याला आजूबाजूचं दिसत नाही, म्हणून त्याच्या कमरेला पंचा बांधतात आणि त्याची टोकं मागून एक माणूस हातात धरतो. सोंग फार पुढे गेलं की त्याने ओढायचं. मामाचा पंचा माझे बाबा धरायचे. बाबा गावातले सगळ्यात कमी बोलणारे आणि मामा सगळ्यात जास्त चिडणारा, त्यामुळे लोक म्हणायचे की जोडी बरोबर जमली आहे.

आणि तू चिडायचास, मामा! चाक पंक्चर झालं तर चाकाला शिव्या, रस्त्याला शिव्या, ज्याने तो रस्ता केला त्याच्या मेहुण्याला शिव्या. मोखाड्याच्या बाजारात नंबरावरून दुसऱ्या ड्रायव्हरशी भांडताना जीपच्या गिअरची मूठ उपटून तुझ्या हातात आली होती आणि तू ती हातात घेऊनच भांडण पूर्ण केलं होतंस. मग दोघांनी मिळून चहा प्यायला आणि त्यानेच ती मूठ बसवून दिली. तुझा राग पुढच्या चहापर्यंत टिकायचा. माझा टिकतो. हा आपल्या दोघांतला फरक तू कधी मान्य केला नाहीस.

मला तुझं कॉलेजात येणंही आठवतं. पहिल्या दिवशी मी गेटजवळच उभी राहिले होते. वर्ग कुठे आहे हे कोणाला विचारायचं, काय म्हणून विचारायचं, काही कळत नव्हतं. आमच्या घरातलं कोणी याआधी त्या गेटातून आत गेलं नव्हतं. तू जीप बंद केलीस, पुढे झालास आणि मोठ्याने विचारलंस, "ओ साहेब, एफवाय कुठं भरतं?" जसा बाजार भरतो तसं. चार पोरं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांतल्याच एकाने वर्ग दाखवला. आज वाटतं, तू विचारलं नसतंस तर मी गेटवरूनच परत गेले असते.

ज्युडोतही मला तूच ढकललंस. सरांनी विचारलं की मुलींच्या संघात येतेस का, तेव्हा मी 'विचारून सांगते' म्हणाले होते. तुला विचारलं तर तू म्हणालास, "विचारायचं काय? पाडायला कोण विचारतं?" मग तू सरावाला यायचास, हॉलच्या दारात जीपची चावी फिरवत उभा राहायचास आणि ओरडायचास, "चीड! चीड की! गाय हाकते काय?" सर म्हणायचे, "मामा, बाहेर." तू बाहेर जायचास आणि खिडकीत दिसायचास.

पण मामा, मी चिडून खेळले की हरायचे. ज्युडोचं गणित सरळ आहे: समोरचा ढकलतो तेव्हा त्याला ओढायचं, ओढतो तेव्हा त्याच्यावर जायचं. राग आला की मी फक्त ढकलायचे. हात काठीसारखे ताठ, डोकं पुढे. समोरच्या मुलीला काही करावंच लागायचं नाही. ती बाजूला व्हायची, पाय आडवा घालायची आणि माझाच जोर मला पाठीवर टाकायचा.

मागच्या वर्षीचं तर तुला ठाऊकच आहे. ठाण्याकडच्या कॉलेजात स्पर्धा होती. पहिल्याच लढतीत माझा अंगठा मुडपला. पंचांनी विचारलं, "लागलं का?" आणि माझ्या तोंडून आपल्या घरचा शब्द निघाला, "नीही." 'नाही' म्हणायचं होतं. समोरच्या संघाच्या मुली कडेला बसल्या होत्या. एकीने 'नीही, नीही' केलं, घोडी खिंकाळते तसं. मग सगळ्यांनीच. त्यापुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. मी ढकललं, हवेत गेले, गादीवर आपटले. पंचांनी 'माते' म्हटलं, म्हणजे थांबा. मी थांबले नाही. उठले आणि त्या मुलीला दोन्ही हातांनी मागे लोटलं. मला स्पर्धेतूनच बाहेर काढलं. सर बसमध्ये एवढंच म्हणाले, "वंदना, पुन्हा असं झालं तर संघात नाव नसेल." तुला सांगितलं तेव्हा तू विचारलंस, "पडली का पण ती?" मी हसले नाही. आता हसू येतंय.

तेव्हापासून माझं ठरलं होतं की राग वाईट. सरांच्या तासाने त्यावर शिक्का मारला. आणि तू म्हणत राहिलास की राग काढून घेतला तर तुझ्यात उरतं काय.

तू गेल्यावर मला दुःख व्हायच्या आधी राग आला, हे लिहायला अवघड वाटतं. दाखवतो म्हणाला होतास आणि न दाखवता गेलास. सरावात त्या दिवसांत पहिल्या वर्षाची एक बारीकशी पोर मला पाडायची, पुन्हा पाडायची. सर म्हणाले, "घरी जा थोडे दिवस." मी म्हणाले, "नको." सकाळी शिरपामाळावर धावायला जायचे तेव्हा संपूर्ण चढ तुझ्याशी भांडत चढायचे. वर पोचले की भांडायला दम नसायचा. तेवढा वेळ बरं वाटायचं.

आणि मग परवाची स्पर्धा. मामा, आता ऐक!

पहिली लढत सोपी गेली, ती सोडून देते. दुसरी लढत मागच्या वर्षीच्याच कॉलेजाशी. मुलगी वेगळी, माझ्याहून उंच, डाव्या हाताची. पण कडेला बसलेल्या मुली त्याच. मी गादीवर पाय ठेवला आणि तिकडून हळूच आलं, "नीही..."

त्यांना आठवत होतं! मला वाटलं होतं की फक्त मलाच आठवतं.

राग आला. पोटातून निघाला, छातीत आला, कानांत आला. सरांनी शिकवलं होतं, श्वास मोज. मी मोजायला गेले आणि आकडेच सुचेनात. समोरची मुलगी आणि तिचा पांढरा कोट एवढंच दिसत होतं. बाकी सगळा हॉल गेला. आणि त्याच क्षणी माझ्या मनात आलं, दोन भोकं. हे तर सोंग आहे. मामाला असंच दिसतं.

पंच म्हणाले, "हाजिमे." सुरू करा.

मी पहिल्यांदा ढकललंच. खोटं कशाला सांगू? ती बाजूला झाली, मी गुडघ्यावर आले, वाचले. पंचांनी पुन्हा उभं केलं. कडेच्या पोरी खिंकाळत होत्या. सर एका जागी पुतळ्यासारखे उभे होते, त्यांचा चेहरा मला दिसला नाही, पण काय विचार करत असतील ते ठाऊक होतं. आता ही लोटणार आणि आपण हिचं नाव संघातून काढणार.

मग त्या मुलीने उंचीचा फायदा घेतला. तिचा लांब हात माझ्या खांद्यावरून पाठीवर गेला आणि तिने मागून माझा पट्टा धरला. ज्युडोत कमरेला पट्टा असतो, मामा, तुला तो आवडायचा. तो तिने मुठीत धरला आणि ओढला.

कमरेला मागून ओढ बसली. मला काय झालं, ते मला शास्त्रात सांगता येणार नाही. मला वाटलं, धरलंय. कोणीतरी मागून धरलंय. आता सोडायला हरकत नाही.

राग तसाच होता, एक कणही कमी झाला नव्हता. पण पाय माझे झाले. हात सैल पडले. तिचा हात माझ्या पाठीवर होता, म्हणजे तिच्या काखेखाली जागा होती, आणि ती जागा मला दिसली! रागात बाजूचं दिसत नाही म्हणतात, मला दिसलं. मी ढकललं नाही. मी वळले, खाली बसले, माझी कंबर तिच्या कमरेखाली घातली आणि ती ज्या जोराने मला ओढत होती तोच जोर घेऊन तिला पुढे ओढलं. ती माझ्यावरून गेली. काय आवाज आला, मामा! भाताचा भारा वरून टाकावा तसा. दोन्ही खांदे गादीला.

"इप्पोन!"

पूर्ण गुण. लढत खलास.

मी तिच्या वर उभी होते आणि राग अजून अंगात होता, जागच्या जागी थरथरत होता. मला तो मागच्या वर्षीचा धक्का हातांत जाणवत होता. सर गादीकडे यायला निघाले होते. आणि मी एक पाऊल मागे गेले. फक्त एक. तू म्हैसासुराच्या सोंगात जायचास तसं, टाच आधी टेकवून. मग नमस्काराला वाकले.

पडलेल्या मुलीने उठताना माझं कोपर धरलं. माझा ओठ फुटला होता, मला कळलंही नव्हतं. तिने विचारलं, "अगं, रक्त येतंय. लागलं का?"

"नीही," मी म्हणाले. मोठ्याने. ठरवून.

कडेच्या मुलींतून एकदोघी हसल्या, पण ते खिंकाळणं नव्हतं. त्या मुलीने स्वतः विचारलं, "म्हणजे नाही ना?" मी म्हणाले, "हो." आणि आम्ही दोघी हसायला लागलो. पंच म्हणाले, "मुलींनो, गादी सोडा."

मामा, तू खिडकीत असतास तर काच फोडली असतीस.

आता तुझ्या विरुद्ध जाणारा भाग. नाही, माझ्याच विरुद्ध जाणारा. पुढच्या लढतीला मी इतकी खूश होते की राग शोधूनही सापडला नसता. हात सैल, श्वास शांत, नजर चारी बाजूंना. सरांच्या तासात सांगितलं होतं अगदी तसं. आणि मी बघता बघता हरले! समोरच्या मुलीने मला उचललं तेव्हा मी प्रेक्षकांत कोण कोण बसलंय ते बघत होते. उपांत्य फेरी होती, म्हणून कांस्यपदक मिळालं. सरांनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "सरावाच्या शिबिराला यायचं आहे. आणि वंदना, ते एक पाऊल मागे कोणी शिकवलं?" मी म्हणाले, "मामांनी." "खिडकीतले?" "हो सर." "त्यांना आत येऊ द्यायला हवं होतं," ते म्हणाले आणि बॅगा मोजायला गेले.

म्हणजे तू जिंकलास. राग पाहिजे आणि मागे माणूस पाहिजे. तो माणूस गादीवर नसतो, तर पट्ट्याची एक ओढ पुरते. परतीच्या सगळ्या रस्त्याने मी हेच घोकत आले. जव्हारच्या पुढे दुसऱ्याच्या जीपमध्ये बसले, तुझी सीट नसलेल्या जीपमध्ये, आणि तिथल्या अनोळखी माणसांनाही पदक दाखवलं.

घरी बाबा ओट्यावर दोरी वळत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, करूनही दाखवलं. शेवटी म्हणाले, "बाबा, मला वाटलं तूच मागून धरलंस. त्या वर्षी मामाला धरलं होतंस तसं."

ते वर्ष तुला आठवेल. मी आश्रमशाळेतून सुट्टीला आले होते आणि आईच्या कडेला उभी राहून बघत होते. ऊन नुकतं अंगावर आलं होतं. लढाई रंगात होती आणि देवीचं सोंग घेतलेल्या गावातल्या एका दादाचा पाय शिंपडलेल्या पाण्यावरून सटकला. तो तुझ्या समोर आडवा पडला. तुझी तलवार वर होती. धार नसली तरी लोखंडी. संबळ जोरात वाजत होता, तू पुढे झेपावला होतास, बायका ओरडल्या. आणि तू थांबलास. हात वर, शिंगं थरथरत. मग टाच टेकवून एक पाऊल मागे. देवी उठली, नाच पुढे सुरू झाला. मुखवटा काढल्यावर तू बाबांना सगळ्यांसमोर म्हणालास, "दाजी, बरं ओढलंस. नायतर आज म्हैसासुरच जिंकला असता." सदरा वर करून कमरेचा वळही दाखवलास. दरवर्षी दाखवायचास. बाबा कान खाजवायचे.

बाबांनी कालही कान खाजवला. दोरी बाजूला ठेवली.

"त्या वर्षी मी ओढलं नव्हतं."

"म्हणजे?"

"रात्रीच्या विझत आलेल्या टेंभ्याचा धूर डोळ्यांत गेला होता. डोळे पुसायला एक हात सोडला. तेवढ्यात त्यानं झेप घेतली, पंचा हातातून निसटला. मी बघतोय तर तुझा मामा तुळशीराम पुढं आणि पंचा जमिनीवर लोळतोय."

"मग मामाला कोणी थांबवलं?"

"कोण थांबवणार? मागं कोणीच नव्हतं."

"आणि बाकीच्या वर्षी?"

बाबांनी थोडा विचार केला. "ओढायची वेळच आली नाय कधी. नुसता धरायचो. ढिलाच असायचा."

"मग ते वळ?"

"कमरेला कचकचून बांधायचा तो. मी सांगायचो, ढिला बांध. ऐकायचा का?"

"बाबा! तू त्याला सांगितलं का नाहीस?"

बाबांनी दोरी पुन्हा हातात घेतली. "तो बिनधास्त नाचायचा ना त्यामुळं," ते म्हणाले.

इथेच मी पळत सुटले, मामा.

तुला कळतंय का? इतकी वर्षं तू म्हणत होतास की मी चिडतो, दाजी थांबवतो. आणि तू स्वतःच थांबत होतास! त्या दोन भोकांतून, तलवार वर असताना, एकटा. मी म्हणाले होते ना, गादीवर मागे कोणी नसतं? तुझ्याही नव्हतं. मग मी जिंकले की तू? हे विचारायला मी तुझ्या अंगणात आले होते.

आणि रात्रभर दुसरंच एक मनात येत राहिलं. तुला ठाऊक होतं का? कमरेला ओढ बसली की नाही, हे माणसाला कळतं. मला परवा कळलं. तुला कळलं नसेल? कळूनही तू सगळ्यांसमोर 'बरं ओढलंस' म्हणालास, गप्प बसणाऱ्या माझ्या बाबांना गावात मान मिळावा म्हणून? तू तसा होतास का, मामा? आधीच्या मामाला मी ओळखते, तो गिअरची मूठ घेऊन भांडणारा. हा दुसरा मामा कोण, ते विचारायचं राहिलं. बाबा म्हणतात, "त्याला नसेल ठाऊक." मामीला आज सकाळी विचारलं, तर ती नागलीच्या सुपातून वरही न बघता म्हणाली, "तुझ्या मामाला वळ कुठून येतो ते कळत नव्हतं होय?" आणि मग खूप वेळ पाखडत राहिली. सूप रिकामं झालं होतं.

सोंग आता तुझ्या मुलाकडे, किसनदादाकडे आलं आहे. तो वाड्याच्या कामावरून सुट्टी घेऊन येणार, होळीनंतर. त्याचा राग तुझ्यासारखाच आहे, फक्त चहाने उतरत नाही. काल रात्री फोनवर म्हणाला, "वंदे, मला भीती वाटते गं. आपण बाबांसारखं नाचायला गेलो आणि कोणाला लागलं तर?" माझ्या बाबांचे गुडघे आता साथ देत नाहीत, पंचा धरून पळणं त्यांना जमणार नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मुलीने पंचा धरल्याचं आमच्याकडे कोणी ऐकलेलं नाही. गावात बोलणी चालू आहेत. एक म्हातारबाबा नको म्हणाले, दुसरे म्हणाले, "ठाण्याच्या पोरीला आडवी केली तिनं, किसन काय जड आहे?" बघू. मला नाही म्हणाले तर मी चिडणार आहे, तुला सांगून ठेवते.

मी किसनदादाला सांगितलं आहे, "तू बिनधास्त नाच. मागून मी धरते. ज्युडोवाली आहे, ओढलं तर उभ्या जागी थांबशील."

तो हसला. त्याचा आवाज मोकळा झाला.

मामा, पंचा मी ढिलाच धरणार आहे. आणि त्याला सांगणार नाही.